माणच्या खोऱ्यातलं उसनं पाणी

मुलीला मूल होईपर्यंत तिच्या आईबापांनी तिच्या घरचं पाणीदेखील प्यायचं नाही, असा आमच्या भाईंदरला रिवाज आहे. पाणी प्यायचं नाही तर मग जायचं तरी कशाला, म्हणून कोणी जातच नाही. मी गेले. येताना बरोबर जे माणूस घेऊन आले, त्याच्यावर गावाने पुढे कितीतरी दिवस तोंडसुख घेतलं. तेव्हा लोकांकडून तिखटमीठ लावलेलं ऐकण्यापेक्षा माझ्या हातचं वाचा. मीठ आमच्याच आगरातलं आहे, हवं तेवढं मीच घालीन.

लिहायला मी माझ्या मुलीच्या, गोदूच्या पाटीवर शिकले. तिचं लग्न घोडबंदरच्या शाळेत शिकवणाऱ्या एका घाटावरच्या मास्तरांशी झालं आणि ते मी जमवलं. मुलूख लांबचा, पोटजात वेगळी. भावकीने जेवायला येणं टाळलं आणि आमच्या ह्यांनी अक्षता टाकल्या त्या दुसरीकडे तोंड करून. पुढे मास्तरांचे वडील वारले, घरी आई एकटी राहिली, म्हणून मास्तर आपल्या मुलखात, माणगंगेच्या खोऱ्यात, नोकरी बघून गेले. त्यांच्याबरोबर गोदूही गेली.

यंदा तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ह्यात आमच्याकडे कोणाचं दुमत नाही. ह्यांनी पांडूभावजींना, म्हणजे माझ्या चुलत दिरांना, तिला आणायला दोनदा पाठवलं. दोन्ही खेपेला भावजी एकटेच परत आले. "येत न्हाय बोलते," एवढंच सांगायचे आणि पान लावायला बसायचे. सातवा महिना लागला तेव्हा मी ट्रंक खाली काढली.

"बायकांनी जायाची रीत हाय का?" ह्यांनी विचारलं.

"पुरुषांनी आणायची रीत होती, ती दोनदा करून झाली," मी म्हटलं.

हे बराच वेळ ओटीवर येरझारा घालत राहिले. मग म्हणाले, "जातेस तं जा. पन पोरीच्या घरचा पानी पिऊ नको. आनि तिला घेतल्याबिगर येऊ नको. आपल्याकडं पान्याला काय तोटा हाय का? ती काय तिकडं धुलीत बालंत होनार?"

उत्तनची मार्था आमच्याकडे वर्षानुवर्षं मासळी घालते. तिला कळलं तेव्हा तिने सुक्या बोंबलांची भली थोरली जुडी आणून दिली. "तिकडं काय खाशील बाय तू? माती?" असं म्हणून तिने डोळ्याला पदर लावला. मी तिला म्हटलं, अगं, मी काळ्या पाण्यावर नाही चाललेय.

घाट चढल्यावर

पुण्यापर्यंतची गाडी सांगण्यासारखी नाही. त्यापुढचा मुलूख मात्र खिडकीतून बघताना मला कोणीतरी पदर ओढून घ्यावा तसं वाटत गेलं. आधी झाडं विरळ झाली, मग गवत गेलं, मग नुसती जमीन उरली. डोंगर आमच्याकडेही आहेत, पण ते अंगभर नेसलेले असतात. इथले डोंगर उघडे, तांबूस, बोडके. बांधाला बाभळ, माळाला तरवड आणि निवडुंग. आणि आभाळ केवढं! आमच्याकडे आभाळ माडांच्या मधून दिसेल तेवढंच.

शेवटचा टप्पा मोटारीचा होता. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या मागे कोळशाची शेगडी बसवलेली. चढ आला की ती धापा टाकायची आणि आम्ही सगळे उतरून चालायचो. त्या शेगडीच्या धगीने मार्थाचे बोंबील जागे झाले. माणसं पदर नाकाला लावून एकमेकांकडे संशयाने बघू लागली. शेवटी कंडक्टरने माझं गाठोडं हुंगून ओळखलं आणि दोन बोटांत धरून टपावर नेऊन बांधलं.

शेजारच्या पागोटेवाल्या म्हाताऱ्याला त्यावरून माझा मुलूख कळला. "कोकनातनं आलासा व्हय? तुमचं काय वं बाई, समदं हिरवंगार. बसून खायाचं."

बसून खायचं! हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी त्यांना सांगितलं, की आजोबा, हिरवं म्हणजे सुखी नव्हे. आमचा भात खारजमिनीत. उधाणाच्या भरतीने एकदा बांध फोडला की पाणी आत येतं आणि दोन-तीन वर्षं त्या शेतात काही उगवत नाही. कमरेएवढ्या चिखलात बायाबापड्या बांध घालतात. मिठागरात पायाला भेगा पडतात आणि त्या भेगांत मीठ जातं. गाडीतून जाणाऱ्याला हिरवं दिसतं, कारण तो खाली उतरत नाही. म्हातारबुवा थक्क होऊन ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजी तुमचं बी आमच्यावानीच की." ते मला अजिबात पटलं नाही. भांडण मी जिंकत होते, आणि ह्या गृहस्थांनी ते मिटवूनच टाकलं.

विहीणबाई

गाव म्हणजे पांढऱ्या मातीची घरं, एक मारुती, एक कडुलिंबाचं झाड आणि कोरडी नदी. सोबतीला आलेले पांडूभावजी मला दारात सोडून साताऱ्याला त्यांच्या ओळखीच्या मिठाच्या व्यापाऱ्याकडे गेले. गोदू धावतच आली. पोट दिसत होतं, पण हात वाळून काटक्या झालेले. मी काही बोलणार तेवढ्यात दारात विहीणबाई उभ्या राहिल्या. उंच, काळ्यासावळ्या, गळ्यात तुळशीची माळ, एका गुडघ्याने लंगडणाऱ्या. मास्तर शेजारच्या गावी शाळेवर राहायचे आणि रविवारी यायचे. एरवी घरात ह्या दोघीच.

माळ बघून मला बोंबील आठवले. विहीणबाईंनाही ते कळले होते. "ते तेवढं त्या बाभळीला टांगा," त्या म्हणाल्या, "कावळं कोकनात गेलं न्हाईत, त्यास्नी बी कळू दे."

मग त्यांनी गुळाचा खडा आणि तांब्या पुढे केला. मी हात जोडले. "विहीणबाई, राग मानू नका. मुलीच्या घरचं पाणी मी घेत नाही. आमची रीत आहे."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "शेजारचं चालंल?"

"शेजारचं चालेल."

त्यांनी सकू नावाच्या शेजारणीला हाक मारली. सकू हसतमुख, धनगराची सून. तिने भरलेली घागर माझ्यापुढे आणून ठेवली आणि नंतर आणखी एक. प्रवासाने अंग चिकचिकत होतं. मी हातपाय धुतले, तोंड धुतलं, आंघोळ केली, बरोबर आणलेले पोहे भिजवले, पोटभर पाणी प्याले. गोदू दाराशी उभी राहून बघत होती. तिचा चेहरा मला जरा विचित्र वाटला, पण मी मनात म्हटलं, सकूचं पाणी आहे, हिच्या पोटात का दुखावं?

भेट म्हणून मी आमच्या आगरातलं मीठ नेलं होतं. विहीणबाईंनी ते उघड्या मडक्यात ओतलं. मी म्हटलं, झाकण लावा, पाणी सुटेल. त्या म्हणाल्या, "हितं कशाला पाणी सुटंल?" आणि खरंच, मी होते तोवर ते खडखडीत कोरडं राहिलं. आयुष्य मिठागराच्या काठावर गेलं, पण कोरडं मीठ कसं असतं ते मी माणच्या खोऱ्यात पाहिलं. आमच्या घरी पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तळं साचतं, काडेपेटी पेटत नाही, चपलांवर बुरशी धरते. इथे धुतलेलं लुगडं वळचणीला टाकून मागे वळावं तोवर वाळतं. ओठही तसेच वाळतात, ही गोष्ट वेगळी.

लिंबाखालचं ओलं

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठले. आमच्याकडे चांगल्या घरातली बाई पहिल्यांदा काय करते? काल भरलेलं शिळं पाणी ओतून टाकते, हंडे लखलखीत घासते आणि ताजं पाणी भरते. मी आईकडे तेच केलं, सासरी तेच केलं, गोदूलाही तेच शिकवलं. म्हटलं, पोर अवघडलेली आहे, विहीणबाईंचा गुडघा दुखतो, आज पाणी मी भरते. रांजणात अगदी तळाशी थोडंसं पाणी होतं. तांब्या तांब्या करून उपसलं आणि दारासमोरच्या त्या लिंबाच्या बुंध्याशी ओतलं. उरलेल्यात रांजण खंगाळला. मग घागर कमरेवर घेऊन आडावर गेले, अगदी ऐटीत.

आडावर बायकांचा घोळका बसलेला. दोर सोडायची घाई कोणालाच नाही. मी वाकून बघितलं तर तळाशी एक मुलगी बसून झऱ्यातलं पाणी वाटीने घागरीत भरत होती. वाटी भरली की थांबायची, झरा पाझरायची वाट बघायची.

"कुणाची पाळी?" एकीने मला विचारलं.

"पाळी कसली? मी मास्तरांच्या घरची. त्यांची सासू."

"मास्तराची सांजच्याला झाली की. आता उद्याच्याला."

तेवढ्यात मला सकू दिसली. मला हायसं वाटलं. "बाई सकू, कालच्यासारखी एक घागर आज पण दे. तुझं पाणी गोड होतं हो."

सकू खळखळून हसली. "माझं कुठलं वं? उसनं व्हतं ते. गोदाबायनं सांजच्याला फेडलं बी. पाळीतल्या दोन घागरी माझ्या रांजनात वतल्या, मग उरलं ते घरी न्हेलं."

आमच्याकडे पीठ उसनं देतात, विरजण देतात, विस्तव देतात. पाणी उसनं देतात हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तिथे ते तांब्यातांब्याने देतात आणि आपल्या पाळीला तेवढंच परत करतात. कोणी सांगत नाही, कोणी मागत नाही.

मी घागर खाली ठेवली. मी मुलीच्या घरचंच पाणी प्याले होते. नुसती प्याले नव्हते, त्यात पाय धुतले होते. सातव्या महिन्यात तिने दोन घागरी वाहून माझी आंघोळ फेडली होती, आणि त्यातून तिच्या घराला जे चार तांबे उरले, ते मी पहाटे उठून मोठ्या कर्तबगारीने झाडाखाली ओतले होते. लाज वाटली आणि तितकाच रागही आला. त्या आडाचा, त्या मुलखाचा, माझ्या रीतीचा, आणि तोंड मिटून बघत राहणाऱ्या गोदूचा.

घरी आले तर विहीणबाई लिंबाखाली उभ्या राहून ते ओलं बघत होत्या. आता ह्या बाईने मला वाटेल ते बोलावं, मी ऐकून घेईन, असं मी ठरवलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "लिंबाला पाणी मिळालं. औंदा पयल्यांदाच."

ऊन चढेपर्यंत आळीतल्या बायका एकेक करून आल्या. प्रत्येकीच्या हातात एक तांब्या. रांजणात ओतायच्या आणि जायच्या. शेवटची गेली तेव्हा मी तांब्या बुडवला आणि विहीणबाई आणि गोदूच्या देखत घटाघटा प्याले. रीत मोडली म्हणून मला काही झालं नाही. तहान भागली.

नदीच्या वाळूत

त्या दिवशी उन्हं उतरल्यावर मी गोदूला नदीत घेऊन गेले. नदीत म्हणजे वाळूत. पात्र एवढं रुंद, की आमची खाडी आठवावी, आणि त्यात मेंढरं चालली होती. मावळतीकडचे उघडे डोंगर तांबडे, मग जांभळे झाले. खरं सांगायचं तर ते सुंदर होतं. मला ते सुंदर वाटल्याचाही राग आला.

"बस झालं," मी गोदूला म्हटलं. "उद्या निघायचं. इथे वाटीने पाणी भरतात. तिथे खाडी आहे, ताजी मासळी आहे, शहाळी आहेत. तुझ्या बापाने खोली सारवून ठेवलीय."

"आई, तिथे वैशाखात आपली विहीर खारी होते. गोड पाण्याला तू लांब जायचीस. मी तुझ्यामागून कळशी घेऊन यायची. विसरलीस?"

विसरले नव्हते. पण ह्या खोऱ्यात उभं राहून ते कबूल करणं म्हणजे भाईंदरची अब्रू घालवणं. "मग? तरी इथल्यापेक्षा बरं," मी म्हटलं.

गोदू वाळूत बसली. "मला यायचंय गं. मला काय इथे बाळंत व्हायची हौस आहे? भीती वाटते मला. पण पाळीला घरचं माणूस उभं राहावं लागतं. मी गेले तर आत्याबाईंना आडावरून पाणी कोण आणून देईल? त्यांचा गुडघा वाकत नाही."

"शेजारणी देतील की. आज नाही का दिलं?"

"देतील. पण जे फेडता येणार नाही ते आत्याबाई घेणार नाहीत. कोरड्या बसतील. मी ओळखते त्यांना." मग ती रडायला लागली. भावजींना दोनदा रिकामं का धाडलं, ते मला तेव्हा कळलं.

घरी येऊन मी विहीणबाईंच्या समोर बसले. त्या चुलीवर हुलग्याच्या पिठाचं माडगं ढवळत होत्या. मी म्हटलं, "विहीणबाई, तुम्हीही चला. दोघीही चला."

त्यांचा हात थांबला. "सुनेच्या माहेरात जाऊन ऱ्हाऊ? लोक काय म्हंतील?"

"तुमचे लोक म्हणतील ते तुम्ही ऐकू नका, आमचे म्हणतील ते मी ऐकत नाही."

"ह्या वयात दुसऱ्याच्या दारात फुकटचं खाऊ? न्हाई जमायचं." मी बोलत राहिले. त्या माडगं ढवळत राहिल्या. मास्तर रविवारी आले, त्यांनीही हात जोडले. शेवटी गोदूकडे एकवार बघून त्या म्हणाल्या, "पोचवाया येते. दुसऱ्या दिशी माघारी."

आणि गोदू शांतपणे म्हणाली, "तुम्ही माघारी, तर मीपण माघारी."

अशा करारावर आम्ही निघालो. घराला कुलूप घातलं. पाण्याची पाळी सकूला दिली. ह्या दोघी परत आल्यावर सकूने तेवढ्या घागरी फेडायच्या, असं ठरलं. मास्तर पुण्यापर्यंत पोचवायला आले, पुढे भावजी होते. बोंबील सकूला देऊ केले. तिने ते हुंगले आणि हे राहू द्या म्हणाली.

परत

आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाच्या जिवाला घोर नको. गोदू आषाढात सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. पण मला सांगायचं आहे ते आमच्या पोचण्याच्या दिवसाचं, कारण तो दिवस चुकला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

भाईंदर जवळ आलं तशी गाडीच्या दोन्ही अंगांना मिठागरं लागली. विहीणबाई खिडकीला चिकटल्या. चौकोनी वाफ्यांत पाणी नुसतं चकाकत होतं.

"हे समदं पाणी?"

"हो. भरतीचं आत घेतो, बांध घालतो आणि अडवून ठेवतो."

"मग त्याचं काय करता?"

"वाळवतो. वाळलं की मीठ."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "पाणी वाळीवता?" मग त्या पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या. शेवटी म्हणाल्या, "ईनबाई, हे आमच्या गावात सांगू नगा. मी सांगितलं तर मला येडी म्हंतील."

स्टेशनावरून बैलगाडीने घरी आलो. गल्लीतल्या सगळ्या ओट्यांवर बायका येऊन उभ्या. लेकीची सासू लेकीच्या माहेरी बोचकं घेऊन आलेली कोणी बघितली नव्हती. "सासू आनली काय गो मागून?" कोणीतरी मोठ्याने म्हणालं आणि हशा पिकला. मी त्या दिशेला बघून म्हटलं, "हो. तुला हवी असेल तर तुझीपण आणून देते."

आमचे हे अंगणात उभे होते. गोदूला बघून त्यांचे डोळे भरले, मग तिच्यामागे विहीणबाई दिसल्या आणि चेहरा कसनुसा झाला. विहीणबाई अंगणाच्या कडेलाच थांबल्या. बोचकं हातातच.

"व्याही," त्या म्हणाल्या, "मी सुनेला पोचवाया आलीया. उद्याच्या गाडीनं जाते. तुमच्याकडं पाण्याला तोटा न्हाई म्हंत्यात. तुमच्या दारात आयतं खाऊन माझ्याकडनं फेड व्हायची न्हाई."

गोदू माझ्याकडे बघत होती. तिने आपली पिशवी खाली ठेवली नव्हती. सगळी गल्ली बघत होती. मी बोलणार होते, पण त्याआधी हे आत गेले आणि स्वतः तांब्या भरून घेऊन आले. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःलादेखील पाणी घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

विहीणबाईंनी तांब्या वर धरून दोन घोट घेतले आणि थांबल्या. "हे तर खारट हाय."

आता हे काहीतरी सांगणार, उन्हाचं, तांब्याचं, कशाचं तरी नाव घेणार, असं मला वाटलं. शेजारणी कान देऊन होत्या. ह्यांनी मान खाली घातली.

"हाय," ते म्हणाले. "वैशाखात आमची हीर खारीच होते. प्यायाचा पानी लांबून आनाया लागतो. हिनं जन्मभर डोईवर आनला. मी कोनाला सांगत न्हाय."

विहीणबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं, मग उरलेलं सगळं पाणी थेंब न सांडता पिऊन टाकलं.

"मग ऱ्हाते मी," त्या म्हणाल्या. "थोडं पाणी घरादाराला पुरवायचं कसं, ते मला ठावं हाय."

आणि बोचकं गोदूच्या हातात दिलं. "हे आत ने."